दोन ठिपके

सासरे शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्यांनी फळ्यावर एक आकृती न चुकता काढली. फुलाच्या बीजांडात शिरलेली परागनळी आणि तिच्यातून उतरलेले दोन पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी. एक अंडपेशीला मिळतो आणि रोपाचा गर्भ तयार होतो. दुसरा शेजारच्या मोठ्या पेशीला मिळतो आणि त्या गर्भाचं अन्न तयार होतं. पोरं परीक्षेत पहिल्यावर भरभरून लिहायची आणि दुसऱ्याला साफ विसरायची. मग सासरे मार्क कापताना कुणाची गय करत नसत.

पण हे सगळं त्यांनी पाहिलं होतं ते पुस्तकातच. आणि आता डोळे दगा देत होते. माणूस जिथे रोखून बघतो, नेमका तिथेच काळा डाग पसरत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे बघायचं ते लवकर बघून घ्या.

त्यांची सून प्रयोगशाळेत याच विषयावर काम करायची. तिच्याकडच्या फुलांची तऱ्हाच न्यारी. अंडपेशीचा भाग बीजांडातून बाहेर डोकावतो, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली जिवंत मीलन दिसू शकतं. शिवाय ही झाडं खास तयार केलेली. त्यांचे पुंयुग्मक निळ्या प्रकाशात हिरवे चमकायचे. बाबांची नजर जायच्या आत त्यांना हे दाखवायचंच, असा तिने चंगच बांधला होता. बाळ अजून रांगतही नव्हतं तेव्हा ती कामावर परतली, ती त्यांच्या जिवावर. "नोकरी सोडते," असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "बाटली मला धरता येते. तू मायक्रोस्कोप धर."

पहिल्या खेपेला घाई नडली. बाबांना ताटकळत बसावं लागू नये म्हणून तिने परागकण थेट बशीत, बीजांडांच्या शेजारीच टाकले. नळ्या फुटल्या, वाढल्या आणि बीजांडांना वळसा घालून खुशाल पुढे निघून गेल्या. फुलाच्या मधोमध असलेल्या देठासारख्या नळकांड्यातून उतरून आल्याशिवाय परागनळीला बीजांडाची ओढच लागत नाही. याच चुकीवरून तिने मागे एका विद्यार्थ्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. सासरे सकाळभर बसून रिकाम्या हाताने घरी गेले, आणि वर तिचीच समजूत घालत गेले.

पुढच्या खेपेला तिने सगळं रीतसर केलं. परागकण त्या नळकांड्याच्या माथ्यावर ठेवले, ते कापून बशीत आडवं मांडलं, समोर बीजांडं रचली. सासरे लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिने मायक्रोस्कोपचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं.

"आली बाबा, नळी आली! शिरतेय आत!"

नळीचं टोक फुटलं. दोन हिरवे ठिपके अंडपेशी आणि मोठ्या पेशीच्या मधे येऊन थांबले.

"दिसतायत?"

सासरे पुढे सरकले. नाक पडद्याला टेकायचंच बाकी राहिलं. "नाही गं. तू बोट ठेवतेस तिथेच डाग येऊन बसतो."

ठिपके काही कुणासाठी थांबणार नव्हते. तेवढ्यात सासऱ्यांनी मान फिरवली आणि ते कोपऱ्यातल्या सिंककडे तोंड करून बसले, रुसल्यासारखे.

"बाबा, रडू नका ना. पुन्हा करू आपण."

"रडतंय कोण! कडेच्या नजरेला डाग नाही. दिसतायत मला. दोघं शेजारी शेजारी बसलेत." त्यांचा आवाज चढला. "हलला! एक गेला अंडपेशीकडे. आणि तो बघ... तो दुसरा! निघाला बघ! गेला, मिळाला!"

शेजारच्या खोलीतली माणसं दारात जमली. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक म्हातारा गृहस्थ सिंककडे बघून टाळ्या पिटतोय.

सुनेने हे मीलन पूर्वी पाहिलं होतं. आज ती त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही नसतात तर मी इथे नसते."

त्यांनी मान न वळवता चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"माहितीये मला," ते म्हणाले. "आता जरा गप्प बस. मी बघतोय."