उन्हात ठेवलेले सेल

सेल अजून पुरता तापला नव्हता. रूथबाईंनी तो बोटांत फिरवला, गालाला लावून पाहिला आणि पुन्हा गच्चीच्या कठड्यावर, उरलेल्या दोन सेलांशेजारी आडवा केला. डिसेंबरातही सोलापूरचं ऊन ऊनच... संध्याकाळपर्यंत जीव धरतील. धरायलाच हवा. आज नाताळची गाणी म्हणत मंडळी गल्लीतून जातील, खिडकीत उजेड दिसेल त्या दारी थांबतील. आणि यंदा यजमान, शांतवन, नाहीत, दुःखाचं घर, म्हणून आपल्या दारावरून हलक्या पावलांनी पुढं सरकतील — ते होऊ द्यायचं नव्हतं. खिडकीत सुरूची फांदी उभी होती, फांदीवर दिव्यांची माळ होती. काल ती लागली, पण राख चढलेल्या निखाऱ्यासारखी. तरी सेल हेच. गेल्या नाताळात शांतवननी आपल्या हातानं घातलेले.

"आई, सेल वाळवताय का सांडगे?" धुणं घेऊन वर आलेली सून, राजश्री, हसली. "नवे आणलेत की मी."

"असू देत."

"बरं, निदान एक तरी नवा घाला. दोन जुने राहू देत."

एक नवा... ट्रान्झिस्टरच्या काळात हेच ऊन होतं, असेच सेल मांडलेले, आणि शांतवन पाठचं झाकण लावता लावता म्हणायचे — जुन्यांत नवा घालू नये गं, जुना काही भरत नाही, नवा मात्र लवकर संपतो.

तरी उन्हं कलल्यावर त्यांनी एक नवा घातलाच. माळ जरा उजळली. आतून करंज्या तळल्याचा वास येत होता, आणि त्या वासाबरोबर राजश्रीचं गुणगुणणं. गेल्या वर्षी शांतवनच्या पेटीशेजारी उभी राहून हिनंच वरचा सूर लावला होता. रूथबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या, आणि गुणगुणणं थांबलं. वर्षभर असंच थांबत आलं होतं. मी कधी म्हटलं, गाऊ नकोस? म्हटलं नव्हतं... नुसती हिच्या शेजारी होते, सकाळ-संध्याकाळ, तोंड मिटून.

त्या खिडकीशी परतल्या. माळेची सेलची डबी उघडली, तिन्ही सेल काढले, तिन्ही नवे घातले. माळ इतकी लख्ख लागली की क्षणभर परक्याच्या घरातली वाटली.

"राजश्री, ते मघाचं म्हण की."

झारा कढईवर थांबला. "कुठलं, आई?"

गल्लीच्या टोकाला ढोलकी वाजली. जुने दोन सेल रूथबाईंच्या मुठीत होते, अजून कोमट. त्यांनी मूठ आवळली आणि पहिली ओळ स्वतःच धरली — बेसूर, जाड्या आवाजात — आणि दुसऱ्या ओळीपाशी मुद्दाम थांबल्या, वरच्या सुराला जागा ठेवून.