एकदा हे नीट चालू दे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरी दोन घटका स्वस्थ बसता येऊ नये, हे त्याच्या आईला मुळीच पटत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वरखाली करायच्या आणि घरी आल्यावर हातपायही न धुता गच्ची गाठायची. तिथे त्याने प्लास्टिकच्या कागदाचं ग्रीनहाउस उभं केलं होतं. आडव्या पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे कप, कपांत पालकाची रोपं, आणि माती औषधालाही नाही. खत मिसळलेलं पाणी पंपाने टाकीतून वर चढायचं, मुळं भिजवून परत टाकीत यायचं. पंप, पंखा, दिवे, सगळं आपोआप सुरू आणि बंद व्हायला हवं होतं. आई म्हणायची, "एवढ्या वायरींनी पालक तरारला, तर मलाही एक जोड बाबा."

बायको नर्स होती. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बढती मिळाली होती आणि दोन वर्षं तिकडेच राहावं लागणार होतं. तिने विषय काढला की तो म्हणायचा, "एकदा हे नीट चालू दे, मग निवांत बोलू." आणि ते काही केल्या नीट चालत नव्हतं. खरं तर केव्हाच चाललं असतं. पण पंप लागला की त्याला पंख्याची घरघर खटकायची, पंखा बसवला की पाइपांचा उतार. आज उत्तर कळवायचा शेवटचा दिवस, आणि हा पठ्ठ्या सकाळपासून टाकीत डोकं घालून बसलेला. त्याला भीती वाटत होती. विषय निघाला तर ती जाईल, नाही निघाला तर कदाचित राहील, असं काहीतरी अर्धवट गणित त्याने मनाशी मांडलं होतं.

दुपार कलली तसं हातांना काम उरेना. घट्ट असलेले स्क्रू त्याने सैल केले आणि पुन्हा आवळले. पाणी प्यायला खाली गेला, तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली मात्र, हा पक्कड विसरल्याचं सोंग करून वर पळाला. तेवढ्यात पंप स्वतःहून सुरू झाला, ठरल्या वेळी बंद झाला आणि मागोमाग पंखा फिरू लागला. आता खोट काढायला काही म्हणता काही उरलं नव्हतं.

तो खाली आला.

"चाललं एकदाचं," तो म्हणाला. "आता बोलूया."

"कशाबद्दल?"

"तुझ्या बढतीबद्दल."

"मी सकाळीच होकार कळवला."

"मला न विचारता?"

"विचारलं की. चहा घेऊन वर आले होते. म्हटलं, हो कळवू का? तू टाकीतूनच 'हं' म्हणालास."

चहा प्यायल्याचं त्याला आठवत होतं. तिने काही विचारल्याचं आठवेना. त्याला राग आला, पण तिचा की स्वतःचा, तेही कळेना. तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"मला म्हणायचं होतं, नको जाऊस."

"माहीत आहे. इतके दिवस त्याचीच तर वाट बघत होते."

"म्हणालो असतो, तर थांबली असतीस?"

"नाही," त्याच्या शर्टाची घडी बाजूला ठेवत ती म्हणाली. "पण जाताना बरं वाटलं असतं."