शेजारच्या विहिरीचं पाणी

मी बोलतोय ते जमिनीच्या पोटातून. वर येऊन उभे राहिलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. दिसतील त्या उन्हाकडे तोंड करून बसलेल्या निळसर काचा आणि मातीतून वर आलेला एक पाइप. त्या पाइपाच्या खालच्या टोकाला, बोअरच्या अंधारात, पाण्यात लटकलेला पंप म्हणजे मी. ऊन चढलं की मी सुरू होतो, उतरलं की थांबतो. वरच्या माणसांचे आवाज पाइपावरून घरंगळत माझ्यापर्यंत येतात. त्यातले काही ऐकले नसते तर बरं झालं असतं.

कारखान्यात मला हौदात बुडवून तपासणारी बाई म्हणाली होती, "गुणाचा आहे हा. जराही आवाज करत नाही." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

तिथून मी आलो थोरलीच्या, म्हणजे दोन जावांतल्या मोठीच्या, शेतात. तिचं माळरान चढावर, दगडगोट्यांचं. वाटणीत उताराची जमीन आणि विहीर धाकट्या दिराकडे गेली होती. विहिरीभोवती त्याची लिंबाची बाग. थोरलीचा नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर, सणासुदीलाही घरी नसायचा. त्यामुळे तिच्या चार वाफ्यांना पाणी मिळायचं ते धाकट्या जावेच्या विहिरीतून, आणि तेही वर्षानुवर्षं.

धाकटीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. "घ्या हो ताई, पाणी काय मी तयार केलंय?" असं म्हणायची. पण मागून घ्यायचं म्हणजे मान खाली घालणं आलंच. म्हणून कोरडवाहू शेतीच्या पाण्यात पैसे गुंतवणारी एक संस्था गावात आली, तेव्हा थोरलीनं मागचापुढचा विचार केला नाही. अर्धा खर्च संस्थेचा, अर्धा शेतकऱ्याचा. आपला वाटा भरायला तिनं स्वतःचं शिवणाचं मशीन विकलं.

"एकदा पाणी लागू द्या, ही जमीन सोनं पिकवेल," संस्थेचे साहेब म्हणाले.

"सोनं राहू दे साहेब, मिरची पिकली तरी मी खूश."

मी पहिल्यांदा पाणी वर फेकलं त्या दिवशी तिनं ओंजळ धरली, पण प्यायच्या आधी धाकटीला हाक मारली. धाकटी धावत आली. दोघी लहान मुलींसारख्या भिजल्या. "सुटलात बाई माझ्या तावडीतून!" धाकटी हसत म्हणाली. त्या हसण्यासाठी मी जन्मभर पाणी उपसलं असतं.

मिरची पिकली, आणि पिकली तीही भरघोस. व्यापारी बांधावर येऊन माल उचलू लागला. थोरलीनं पडीक तुकडा नांगरला, मग त्याच्या पलीकडचाही. सुरुवातीला ती मला दुपारी बंद करायची. मग दुपारचं बंद करणं राहिलं, संध्याकाळचंही राहिलं. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "दिवसभर चालवतेस, पंपाला काही होणार नाही ना?"

"काय व्हायचंय? ऊन काय बिल पाठवतं?"

माझ्याभोवतीच्या खडकात एक भेग आहे. सुरुवातीला बोअरमध्ये पाणी चहूबाजूंनी झिरपायचं. हळूहळू बाकीच्या बाजू आटल्या. आता ते त्या एकाच भेगेतून येत होतं, उताराच्या बाजूनं, लिंबाच्या बागेकडून. मी ओढलं की ते यायचं. मला कळत होतं मी कुणाच्या तोंडचं काढून घेतोय. पंप बिघडतात, जळतात, अडकतात. मी एक दिवससुद्धा बिघडलो नाही.

एका सकाळी धाकटी वर आली. "ताई, तुमच्या पाण्याला धार कशी आहे?"

"आहे बरी. का गं?"

"आमची विहीर आटली हो. बादली तळाला घासते. लिंबं पिकायच्या आधीच गळताहेत."

थोरलीनं मिरचीचं पोतं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "यंदा सगळीकडं तसंच आहे म्हणतात."

धाकटी गेली. थोरली बटणापाशी येऊन उभी राहिली. तिचं बोट बटणाच्या खोक्यावर नुसतंच वाजत राहिलं, टक टक. बटण काही दाबलं गेलं नाही. पलीकडे व्यापाऱ्याची गाडी लागली होती. थोरली तिकडं गेली आणि मी चालत राहिलो.

विहिरीत गाळ साठला असेल, असं धाकट्याला वाटलं. दोर बांधून तो आत उतरला आणि तळ खणू लागला. पाण्याचा आधार गेल्यानं कडेची माती मोकळी झाली होती. भर दुपारी ती त्याच्यावर कोसळली.

धाकटीची किंकाळी माझ्यापर्यंत आली. "ताईऽऽ!" नवऱ्याचं नाव नाही, देवाचं नाही. तिनं पहिली हाक मारली ती जावेला.

थोरली मिरचीच्या वाफ्यातून पळत सुटली. पण उताराला लागण्याआधी ती वळली, बटणापाशी आली, मला बंद केलं आणि मग पळाली.

धाकटा कमरेपर्यंत गाडला गेला होता. सगळ्यांनी मिळून त्याला वर काढलं. थोरलीनं हातांनी माती उकरली म्हणे, नखं फुटली तरी थांबली नाही. दिराचा जीव वाचला, पण पाय वाकडा झाला तो झालाच.

त्यानंतर मी बंदच होतो. मिरची माना टाकू लागली, तरी थोरली बटणाकडं फिरकली नाही. मी गप्प लटकलो होतो, आणि भेगेतलं पाणी माझ्याकडं यायचं थांबून आपल्या घरी परतत होतं.

मग एक दिवस धाकटी आली. ती हळू बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, विहिरीला पाणी आलंय."

"आलं का? बरं झालं गं."

"पंप किती दिवस बंद आहे तुमचा?"

थोरली बटणाच्या खोक्यावरची धूळ पदरानं पुसू लागली.

"त्या दिवशी मी हाक मारली तेव्हा तुम्ही आधी पंप बंद केलात. तुम्ही बटणाकडं वळलात ते मी खालून पाहिलं. मला वाटलं, घाईतसुद्धा किती नेटक्या आहेत ताई." तिचा आवाज फाटला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"पाइप टाकते तुझ्या बागेपर्यंत," थोरली रडत म्हणाली. "आजच टाकते. हवं तेवढं पाणी घे."

"माझंच पाणी मला वाढणार तुम्ही?"

वर वारा काचांवर माती उडवत होता. शेवटी धाकटी म्हणाली, "पाइप नको. या खोक्याला कुलूप घाला आणि किल्ली माझ्याकडे द्या."

त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. किल्ली धाकटीच्या घरी गेली.

आता माझं असं आहे. धाकटी सकाळी आधी आपल्या विहिरीत डोकावते आणि मग चढ चढून वर येते. पाणी पुरेसं असेल तर मला सुरू करते, नसेल तर आल्या पावली परत जाते. अर्धी बाग वाळली, ती काही परत आली नाही. थोरलीनं दोन तुकडे पुन्हा पडीक टाकले. धाकटा काठी टेकत बांधापर्यंत येतो. "वहिनी" म्हणून हाक मारतो, पण थांबत नाही.

शेतीच्या पाण्यात पैसा घालणाऱ्या भल्या माणसांनो, पैसा जरूर घाला. कोरड्या माळावर हिरवं आलेलं बघून माणसाचा चेहरा कसा फुलतो, ते मी ऐकलंय. पण माझ्यासारख्याला खाली सोडण्याआधी आजूबाजूच्या विहिरींत एकदा वाकून बघा. मला काही तोंड उघडता येत नाही.

आज सकाळी धाकटी आली तेव्हा थोरली बांधावरच होती. किल्ली फिरली.

"मिरची सुकायला लागलीय तुमची," धाकटी म्हणाली. पुष्कळ दिवसांनी ती आपणहून काही बोलली होती. "किती वेळ लावू?"

"तू म्हणशील तेवढा."

बटण दाबलं गेलं. मी ओढायला लागलो. पाणी त्याच भेगेतून आलं, पण आता ते जिचं होतं, तीच ते सोडत होती.