शेवरं वासरू

माझी गाय वानेरा. आमच्या देवणी जातीत वानेरा म्हणजे अंग पांढरंशुभ्र अन् तोंड तेवढं काळं. तिला फळवायला माझ्या दोस्ताकडं, चांदपाशाकडं नेली. त्याचा वळूही वानेराच. माझा गुडघा धरला होता, म्हणून गाय त्याच्या दारात बांधून मी घरी आलो. अन् झालं काय, तर वासरू शेवरं! अंगभर काळे ठिपके.

माझं डोकंच फिरलं. भर बाजारात बोललो, "चांदपाशानं दुसराच वळू लावला अन् मला फसवलं."

तो म्हणाला, "मलप्पा, खुदा कसम, माझाच वळू व्हता."

मी ऐकतोय कशाला! आमच्याकडं रंग बघूनच जनावराचं खानदान ठरतंय.

बायको जाऊन सहा वर्षं झाली, लेक पुण्यात. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहाला एकच माणूस यायचा, तो चांदपाशा. आता तोबी येईना. खरं सांगतो, घर खायला उठायचं. पण वाकायचं कुणी?

आठ महिन्यांनी जनावरांच्या कॉलेजातली शिल्पा आली. अभ्यासासाठी तिनं वळूचं, गायीचं अन् वासराचं रक्त नेलं होतं.

"काका, वासरू चांदपाशाकाकांच्या वळूचंच आहे."

"मग ठिपके कुठून आले?"

"काळ्या रंगाचं जनुक सगळ्यांत तेच असतं. कातडीवर ते कुठं चालू व्हायचं, कुठं बंद राहायचं, हे ठरवणारा भाग वेगळा असतो. बल्ब तोच, बटण वेगळं. ठिपक्यांचं बटण गाय अन् वळू दोघांतही दडून आलं असेल. लोकांनी पिढ्यानपिढ्या अशीच बटणं निवडली, म्हणून एकाच देवणीत वानेरा झाली, शेवरा झाली."

हात्तिच्या! एका बटणापायी मी माणूस तोडला.

तसाच चांदपाशाकडं गेलो. तो दारातच बसला होता. खुंटा रिकामा.

"वळू कुठाय?"

त्याची बायको वहिदा आतून म्हणाली, "तुम्ही तसं बोलल्यावर कोण गाय आणतंय, भाऊ? इकला."

मी हात जोडले. "चुकलो, चांदपाशा. बाजारात उभा राहून सगळ्यांना सांगतो."

"सांग की."

"अन् संध्याकाळी चहाला ये."

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "न्हाई मलप्पा. आता जमायचं न्हाई."

लई शांतपणे म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या, तर मी तिथंच त्याची समजूत काढत बसून राहिलो असतो. पाणी पिलो अन् उठलो.