उशिराचा हुंकार

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली लालासाहेब मास्तर साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात होऊ घातलेल्या शिक्षकांना गोष्ट सांगायला शिकवत, आणि उरलेल्या वेळात एका मासिकासाठी मानसशास्त्रावर लेख लिहीत. त्यांचा एक नियम होता. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून काढायचं नाही. हुंकार थांबला म्हणजे ऐकणाऱ्याचं मन उठून गेलं, मग गोष्टही तिथंच थांबवायची.

त्या दिवशी जतकडच्या धुळा नावाच्या विद्यार्थ्यानं वर्गात विचारलं, "आवं मास्तर, मानूस एकलाच आसला, तर हुंकार कुनी द्यायचा?"

"एकटा माणूस गोष्ट कुणाला सांगेल रं, गाढवा? बस खाली!" मास्तर कडाडले. सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी नवा लेख पुढ्यात घेतला. लेख धाडण्याआधी तो मोठ्यानं वाचायची त्यांची जुनी सवय. त्यांची बायको अंजनाबाई होत्या तोवर चुलीपुढून हुंकार द्यायच्या. तोंडाला फुंकणी असायची, म्हणून तो नेहमी उशिरा यायचा, आणि मास्तर खेकसायचे, "लक्ष कुठाय तुझं?"

त्या गेल्यापासून मास्तरांनी मोठ्यानं वाचलंच नव्हतं. आज त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि नियमाप्रमाणे थांबले. चूल थंडगार होती. ती शांतता सोसवेना, तसे ते घाईघाईनं स्वतःच म्हणाले, "हं."

आणि कागद खाली ठेवला. हुंकार फार लवकर आला होता.