सुरकुती पडू नये म्हणून

बोलतोय तो डावा बूट. उजवाही हुबेहूब माझ्यासारखाच आहे, पण त्याला आमच्या आयुष्याची लाज वाटते, म्हणून तो गप्प असतो. मला लाज कमी. तेव्हा दोघांच्या वतीनं मीच बोलतो.

दिसायला आम्ही धावपटूचे बूट. पांढरंशुभ्र अंग, बाजूला विजेसारखी निळी रेघ, खाली फुगलेला जाड तळवा. टाचेत एक पारदर्शक खिडकी आहे. आत दाबून हवा भरली असावी असं बघणाऱ्याला वाटतं. हवाबिवा काही नाही, नुसतं पोकळ प्लॅस्टिक आहे. आमच्या खोक्यावरच बारीक अक्षरात छापलं होतं की हे बूट धावण्यासाठी नाहीत. म्हणजे जन्मापासूनच आम्ही पैलवानाच्या कपड्यांतले कारकून.

कारखान्यात एका बाईनं आमचा तळवा चिकटवला, यंत्राखाली दाबला आणि पुढे ढकलून दिला. तिच्या पायात साध्या रबरी चपला होत्या. तिनं आमच्याकडे एकदाही कौतुकानं पाहिलं नाही. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, ह्या मालात बघण्यासारखं काही नाही हे सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं.

दुकानात मात्र थाट होता. काचेची फळी, वरून दिवा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मला न्यायला कोणी तरणाताठा येणार, मैदानावरून थेट, घाम पुसत. आला तो पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ. इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट आणि पट्ट्यावरून खाली डोकावणारं पोट. त्याला स्वतःची पावलं नीट दिसत नव्हती, म्हणून त्यानं मला आरशात पाहिलं. आरशात मी झकास दिसत होतो. त्याच्याबद्दल काय बोलायचं?

हा माझा मालक. भिंतींच्या रंगांच्या कंपनीत वरच्या मजल्यावर टेबल, खाली गोदाम. कंपनीचा म्हातारा धनी घरी बसला आणि त्याची मुलगी कारभार बघू लागली. ती ऑफिसात खेळाचे बूट घालून यायची. तिचे बूट मळलेले, वर रंगाचे शिंतोडे. पण बघता बघता सगळ्या ऑफिसनं काळे बूट टाकून दिले. जिना चढताना ज्यांचा जीव घशाशी येतो, अशी माणसं धावपटूचे बूट घालून खुर्च्यांत बसू लागली. थोरामोठ्यांचं हे गणित मला कधी कळलं नाही. पोरानं केस रंगवले तर तो वाया गेला. आणि कंपनीत नवी मालकीण आली म्हणून हे पायांपासून बदलले, तर म्हणे काळाबरोबर चालतायत.

माझ्या मालकाला मात्र एक गोष्ट खरोखर हवी होती. गोदामप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. तरुणपणी तो गोदामातच कामाला लागला होता. मग त्याला वर टेबलावर नेलं आणि तेव्हापासून तो तिथेच वाळत होता. आंघोळ करताना तो मोठमोठ्यानं बोलायचा: जड डबे खाली, हलके वर, जुना माल दाराशी. बायको बाहेरून विचारायची, "अहो, कुणाशी बोलताय?" मी दाराशी पडून ऐकायचो.

पण त्याला दुसरंही एक वेड लागलं. फोनवरच्या व्हिडिओत कुठल्याशा पोरानं सांगितलं होतं की असले महागडे बूट घालून पाऊल वाकवलं की पुढच्या बाजूला सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की बूट संपला. झालं. मालकानं माझ्या नाकाडात प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या आणि चालच बदलली. पाऊल उचलायचं ते सपाट, टेकायचं तेही सपाट, जशी कापडावर इस्त्री फिरते. जिना तो खेकड्यासारखा आडवा उतरायचा. घरी आला की उंबऱ्यातच मला काढायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा, पोटात कागद कोंबायचा आणि मग नुसत्या मोज्यांवर तुरुतुरु आत पळायचा. त्यामुळे घरात कुणाला ह्या चालीचा पत्ताच नव्हता.

आणि मला हे सगळं आवडत होतं. खोटं कशाला बोलू? एक धडधाकट माणूस माझ्यासाठी लंगडत होता. ह्याहून मोठा मान कुठल्या बुटाला मिळतो?

घरात एक पोरगाही होता. त्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं आणि फर्निचरच्या दुकानात कपाटं वाहून न्यायचं, जोडायचं काम धरलं होतं. त्याच्या बुटांचे तळवे उसवलेले, वरून चिकटपट्टी. बाप त्याला रोज सुनवायचा की शिकला नाहीस ते नाहीस, निदान पायात तरी नीट घाल, लोक बघतात. पोरगा माझ्याकडे बघून नुसता हसायचा. मला तो अडाणी वाटायचा.

गोदामाच्या जागेसाठी मुलाखती झाल्या नाहीत. त्या मालकिणीला खुर्चीत बसून बोलणं जमायचंच नाही. ती एकेकाला घेऊन गोदामात फेरी मारायची आणि चालता चालता विचारायची. माझ्या मालकाची पाळी आली. उत्तरं त्यानं अशी दिली की उजव्याचीसुद्धा मान ताठ झाली. पण चालायचा सपाट. ती पुढे जायची, थांबायची, वळून बघायची. वरच्या फळीवरचा डबा बघायला तिनं शिडीकडे बोट दाखवलं, तर हा म्हणाला की नंतर बघतो. शिडीच्या दांडीवर पाऊल वाकतं ना.

तिनं आवाज खाली आणला. "काका, गुडघे दुखतात का तुमचे?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मालकानं खाली माझ्याकडे पाहिलं. मी चकाकत होतो, मूर्खासारखा.

"हो," तो म्हणाला. "जुनंच दुखणं आहे. पण मी काढतो रेटून."

दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल लिफ्टच्या शेजारी आलं आणि टेबलाखाली पाय ठेवायला एक छोटं गादीचं स्टूल. सगळे फार प्रेमानं वागू लागले. जिना चढू नका, फाइल आम्ही आणतो, तुम्ही बसा. तेव्हा त्याला उमगलं की आपल्याला आता कुणी गोदामात पाठवत नाही. तो दिवसभर त्या स्टुलावर पाय ठेवून बसला होता. इतके दिवस माझ्याकडे बघणारा माणूस, त्या दिवशी त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी येऊन त्यानं सांगितलं की ऑफिसात राजकारण झालं. बायकोनं चहाचा कप पुढे ठेवला. म्हणाली, "तुमच्या मॅडमचा फोन आला होता. गुडघ्याचे चांगले डॉक्टर आहेत म्हणाल्या. अहो, कुठला गुडघा?"

दाराशी बूट काढत असलेल्या पोरानं आधी बापाच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या ताठ नाकाडाकडे. आत बोट घालून त्यानं प्लॅस्टिकची एक पट्टी बाहेर ओढली. पुढचं त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. तो हसायला लागला आणि बापाचं तोंड बघून थांबला.

"उद्या जा आणि सांगा त्यांना," तो म्हणाला. "बूट जपत होतो म्हणावं."

"वेडा आहेस का? सगळं ऑफिस हसेल."

"आत्ता कीव करतंय. ती चालते?"

"तू मला शिकवू नकोस. ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही त्यानं..."

"कॉलेज सोडलं तेव्हा मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, बाबा. तुम्हाला एका बुटाचं खरं सांगता येत नाही."

ही मोठी माणसं उत्तर संपलं की चहा गार झाला म्हणतात. बापानंही तेच म्हटलं.

पण सकाळी तो ऑफिसात आला आणि लिफ्टशेजारच्या टेबलाकडे न जाता थेट तिच्या केबिनमध्ये शिरला. मान खाली घालून सगळं सांगितलं: सुरकुती, पट्ट्या, सपाट चाल. आणि गंमत बघा, तिला खरं वाटेना. उलट तिचे डोळे भरून आले.

"काका, जागेसाठी एवढं लपवू नका. दुखणं असणं काही गुन्हा नाही."

मालकानं दार उघडलं, म्हणजे बाहेरच्यांनाही दिसावं. आणि तिथेच, केबिनच्या मधोमध, तो उकिडवा बसला. पार खाली, टाचा उचलून, चवड्यांवर. माझ्या नाकाडात उरलेली पट्टी काडकन मोडली. आणि मला आयुष्यातली पहिली सुरकुती पडली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजव्यालाही पडली. मग तो उठला आणि जिन्याकडे धावला. दोन दोन पायऱ्या घेत वर, तसाच खाली. धावताना पहिल्यांदाच कळलं की आपण ह्या कामात किती वाईट आहोत. तळवा इकडे, पाऊल तिकडे. दोनदा मीच त्याला पाडणार होतो.

ऑफिस हसलं. पोट धरधरून हसलं. तीही हसली, टेबलावर डोकं ठेवून.

जागा काही मिळाली नाही. ती आदल्याच दिवशी दुसऱ्याला कबूल झाली होती. पण शहराबाहेर कंपनीचं एक जुनं गोदाम होतं, पत्र्याचं छप्पर, लिफ्ट नाही, आणि तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. तिनं विचारलं, जाल का? तो धापा टाकत होता, त्यामुळे नुसती मान हलवली.

आता मी तिथे असतो. अंगाचा पांढरा रंग आठवणीपुरता उरलाय. नाकावर हिरव्या रंगाचा थेंब वाळलाय, टाचेची खिडकी फुटली आहे आणि आतला पोकळपणा उघडा पडलाय. दिवसभर शिड्या, डबे, धूळ. अजूनही एखादी काच दिसली की मी स्वतःला बघून घेतो. खोड आहे, जाईल.

ज्यांनी माझ्या भाऊबंदांना पोटात कागद कोंबून खोक्यात निजवलंय त्यांना एवढंच सांगणं आहे. आम्हाला वाकवा. आम्ही मोडत नाही. मोडतो तो आमचा तोरा, आणि तो काही टिकाऊ मालाचा नसतोच.

इथेच थांबलो असतो, पण ज्या दिवशी धावलो, त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मालक घरी आला आणि मोज्यांवर चालत आत जाऊन बायकोला ऐटीत म्हणाला की मॅडमनी स्वतःहून बोलावून गोदाम दिलं, शेवटी किंमत कळली. गुडघ्याचा, उकिडवं बसल्याचा, हसण्याचा एक शब्द नाही. पोराचं म्हणणं पटलं असं तर मेला तरी म्हणणार नाही.

पोरगा दाराशी बसून ऐकत होता. त्यानं मला उचललं, उजेडाकडे धरलं आणि माझ्या सुरकुतीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे सांगायला गेले होते," तो स्वतःशीच म्हणाला. आणि आत जाऊन त्यानं बापाला काहीच विचारलं नाही.