एका माणसाचं एकदा

फिटनेसच्या तपासणीत पास झाल्यावर क्रेनवाल्याकडे काय राहणार होतं, ते आधी मांडून ठेवू. गोदीतल्या उंच क्रेनची काचेची केबिन, जिथे बायको, बहीण, लेक यांपैकी कुणाचीच हाक पोचत नाही. नापास झाला तर खाली गोदामात खुर्ची, आणि दिवसभर हाकाच हाका.

डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं, "रक्तातली चरबी वाढली आहे. मटण बंद करा म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, तळहाताएवढं. बाकी दिवस डाळी, भाज्या, मासे."

त्यानं ते मनापासून पाळलं. रविवारी घरी. बायको त्याला मोजक्या फोडी वाढायची, स्वतःही जेवायची. नळी मात्र कुणाला देत नसे. डोळे मिटून चोखायची. बुधवारी कामावरून येताना थोरल्या बहिणीकडे. शुक्रवारी लेकीकडे. प्रत्येक घरी एकदाच.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर त्याला बसवेना. उठला, पाणी प्यायला, बसला, पुन्हा उठला. धीर द्यायला तिघी एकदमच आल्या होत्या, आणि घोर नेमका त्याचाच होता.

"अहो, बसा की. पायाला चाकं लागलीत का?"

"जरा मोकळा होऊन येतो."

"आत्ताच तर झालात!"

आत बोलावलं तशा तिघीही त्याच्या मागून घुसल्या. रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणखी वाढली की हो."

"रविवारी एकदाच देते, डॉक्टर," बायको म्हणाली. "माझ्या हातानं वाढते."

"रविवारी?" बहीण म्हणाली. "अगं, त्याचं एकदा तर बुधवारी माझ्याकडे असतं. घरी सगळं बंद केलंय म्हणाला!"

लेकीनं बापाकडे पाहिलं. "मग शुक्रवारी माझ्याकडे जेवून जातं ते कोण, बाबा?"

क्रेनवाला पंख्याची पाती न्याहाळत होता. "प्रत्येकीकडे एकदाच खाल्लं," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "एकदा म्हणजे एका माणसाचं एकदा. एका घराचं नव्हे. तीन महिने देतो, तोवर केबिन चालू द्या. तेव्हाही हेच निघालं तर केबिन विसरा."

बाहेर पडताच जुंपली.

"लहानपणी त्याला मी भरवलंय," बहीण म्हणाली.

"आणि मी त्यांची एकुलती एक आहे, आत्या."

शेवटी पाळ्या लागल्या: एक आठवडा घरी, एक बहिणीकडे, एक लेकीकडे. बायको "ठरवा तुमचं तुम्हीच" म्हणून पायऱ्या उतरू लागली.

ते तीन महिने त्यानं तळमळत काढले. केबिनमधून बहिणीच्या घराचं छप्पर दिसे. बुधवार आला की तो खुर्ची वळवून समुद्राकडे तोंड करी, आणि थोड्या वेळानं मान आपोआप मागे वळे. पण पास झाला.

आता जमाखर्च. त्याला केबिन राहिली आणि आठवड्याचं मटणही. घर बदललं, वाटा चुकला नाही. बहिणीला भाऊ मिळाला, लेकीला बाप. एकटीसाठी कोण पातेलं चढवतं, म्हणून बायको तीनातले दोन रविवार डाळीवर भागवते. तिला डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं. नळी गेली ती तिची.